लयाशीचा मेंढा

लयाशीने सी मुफद्दल शर्गींच्या दारात मेंढा कापला तेव्हा सी मुफद्दल माडीवर दाढी करत होते. एक गाल साफ, दुसऱ्यावर साबण. खालून आधी खुरांची खडखड आली, मग बायकांची कुजबुज, आणि मग सगळं एकदम गप्प झालं. त्या गप्प होण्यावरूनच त्यांना कळलं. बकरी ईद केव्हाच होऊन गेली होती, आणि ईद नसताना दुसऱ्याच्या उंबऱ्यावर कुणी जनावर कापतं ते एकाच कारणासाठी.

ते तसेच साबणासकट खाली आले. दार उघडलं तर उंबऱ्यावर रक्त, रक्तात मेंढा आणि मेंढ्यापलीकडे सुरी धरून उभा असलेला लयाशी, समोरच्या तेलाच्या घाण्याचा मालक. माणूस आडदांड. त्याने सुरी खाली टाकली, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, "सी मुफद्दल, मी तुमच्यावर आर घातलीय. गल्ली साक्षीला आहे."

आर घातली की सुटका नाही. हे आमच्या क्सर गावात कुणाला शिकवावं लागत नाही, आईच्या दुधाबरोबरच ते पोटात जातं. रक्त सांडणारा आपली लाज उचलून समोरच्याच्या उंबऱ्यावर ठेवतो. मागितलेलं दिलं तर ती उतरते. नाही दिलं तर त्या घराला चिकटते, मग तिथलं पाणी प्यायलाही माणूस कचरतो. सी मुफद्दल कायदा शिकलेले. परदेशातल्या एका परिषदेत त्यांनी या प्रथेवर अस्खलित फ्रेंचमध्ये भाषण ठोकलं होतं, की ही रानटी चाल आता इतिहासजमा झाली आहे. पण आमच्याकडच्या उंबऱ्यांना फ्रेंच कुठलं कळायला!

त्यांनी विचारलं, काय हवं तुला? लयाशीने मान खाली घालून दोन गोष्टी मागितल्या. रेडिओवर वाचली गेलेली ती गोष्ट पुस्तकात छापायची नाही. आणि ती गोष्ट त्याच्या आईची नाही, असं सी मुफद्दलनी चार माणसांसमोर सांगायचं, असं सांगायचं की कुणाला शंका उरणार नाही.

सी मुफद्दलच्या मागे बोळात त्यांची मोठी बहीण फतूमा येऊन उभी राहिली होती. तिने मेंढ्याकडे पाहिलं, लयाशीकडे पाहिलं आणि भावाला म्हणाली, "आधी तोंड धू जा."

शुक्रवारी नमाजानंतर माझ्याकडे जेवायला या, सगळ्यांसमोर बोलेन, असं सांगून त्यांनी दार लावून घेतलं. मेंढ्याला घरात कुणी हात लावला नाही. ज्याच्यावर आर घातली त्याने ते मांस खायचं नसतं. दर्ग्यापाशी बसणारे भिकारी ते घेऊन गेले आणि त्या दिवशी त्यांनी शर्गी घराण्याला भरभरून दुवा दिली.

आता हे सी मुफद्दल कोण, ते सांगायला हवं. आमच्याकडे मानाच्या पुरुषाच्या नावाआधी 'सी' लावतात, बाईच्या नावाआधी 'लल्ला'. कापडाचे व्यापारी सी अलाल शर्गी यांचं हे शेंडेफळ. ग्रनाडाला जाऊन कायदा शिकले. परत येऊन लोकरबाजाराच्या गल्लीत माडीवर वकिली थाटली. जमिनीचे तंटे, घटस्फोट, पाण्याच्या पाळ्यांवरून झालेल्या मारामाऱ्या, सगळं त्यांच्याकडे यायचं. लोक येऊन पोटातलं ओकायचे आणि सी मुफद्दल ते गिळून बसायचे. पुढे देश स्वतंत्र झाला. नव्या सरकारला सूट अंगावर शोभणारी आणि तीन भाषा येणारी माणसं हवी होती. आमच्या गावात तशी तेवढी एकच असामी होती, ती सरकारने उचलून परराष्ट्र खात्यात नेली.

दकार, बेलग्रेड, बगदाद. सगळीकडे तेच काम, राजधानीतून आलेली वाक्यं गोड करून समोरच्याच्या कानात सोडायची. या माणसाने नकार दिला तरी ऐकणारा आभार मानून उठतो, असा त्यांचा लौकिक होता. खात्यात हा मोठाच गुण. पण घरी येऊन कोट खुंटीला अडकवला की त्यांना वाटायचं, आज दिवसभर आपण जे बोललो त्यातला एकही शब्द आपला नव्हता. बायको होती तोवर तिच्यापाशी हे बोलून दाखवायचे. ती बेलग्रेडच्या थंडीत छातीच्या दुखण्याने गेली, मुलं राजधानीत आपापल्या संसाराला लागली, आणि मग उरलं ते गोष्टी लिहिणं.

गोष्टी ते पहिल्यापासून लिहायचे. दकारची मासेवाली, बेलग्रेडमधला कॅनरी पाळणारा घरमालक, बगदादचा एक चहावाला. बैरूतच्या मासिकांत त्या छापून यायच्या. समीक्षकांनी त्यांना 'संयमी लेखक' म्हटलं. सी मुफद्दलना या शब्दाचा मनातून राग यायचा, कारण त्या संयमाचं खरं कारण त्यांनाच माहीत होतं. साऱ्या जगाबद्दल लिहिणाऱ्या या माणसाने आपल्या गावाबद्दल, आपल्या घराबद्दल कधी एक ओळ लिहिली नव्हती.

घरात एक गोष्ट होती आणि तिच्यावर झाकण होतं.

त्यांची आई लल्ला तामो. शेवटच्या दिवसांत ती अंगणात बसून मसूर निवडत होती. सी मुफद्दल बगदादहून रजेवर आले होते. निवडता निवडता, खडा बाजूला टाकावा तितक्या सहज ती म्हणाली, "तुझे वडील कैरोला गेले ना, त्यानंतर खूप उशिरा तू झालास. त्यांची वाट बघत तू माझ्या पोटात झोपला होतास, असं सगळ्यांना सांगितलं. दाईने सांगितलं, काजीने मानलं, तुझे वडील परत आले, त्यांनीही मानलं. तू वकील आहेस. तुझं तू बघ."

पोटात मूल झोपतं, ही आमच्याकडची जुनी समजूत आहे. नवरा दूरदेशी गेला, बाई दु:खाने सुकली, की पोटातलं मूलही वाढायचं थांबतं आणि झोपी जातं. वेळ आली की जागं होतं. जुन्या काजींच्या ग्रंथांत त्याला आधार आहे. वकिलीच्या काळात खुद्द सी मुफद्दलनी अशी एक केस जिंकली होती, ग्रंथांतले उतारे धडाधड म्हणून दाखवून. आता तोच उतारा त्यांच्या अंगावर उलटला. झोपलेलं मूल ते स्वत:च होते. कुणाचं, ते आईने सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. पलीकडे फतूमा कणीक मळत होती. तिचे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू लागले. वडील कैरोला गेले तेव्हा ती चांगली कळती होती. पण त्या दिवसापासून आजतागायत तिने त्या विषयावर अवाक्षर काढलं नव्हतं.

निवृत्त होऊन सी मुफद्दल क्सरला परतले, जुनी कचेरी पुन्हा उघडली, आणि एका हिवाळ्यात ती गोष्ट लिहायला बसले. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोललो, मरायच्या आधी एकदा तरी आपलं बोलू, एवढीच त्यांची इच्छा होती. पण उघड लिहायची छाती झाली नाही. आईची अब्रू होती, शर्गी हे नाव होतं, फतूमा होती. मग त्यांनी गोष्टीला वेश चढवला. कापडाच्या व्यापाऱ्याचा शिपाई केला. कैरोऐवजी त्याला स्पेनच्या लढाईत पाठवलं, कारण त्या लढाईत आमच्या भागातली हजारो माणसं गेली होती, आणि कुणाचं लक्षही जाणार नाही असं त्यांना वाटलं. शिपाई परत येत नाही. बाईला दिवस जातात. ती नदीपलीकडच्या दाईकडे जाते, दाई पोटावर हात ठेवून मूल झोपलंय म्हणून जाहीर करते, आणि बाई परतीच्या वाटेवर जैतुनाच्या झाडाखाली बसून एकटीच हमसून हमसून रडते.

गोष्ट उत्तम उतरली होती. कासाब्लांकाच्या प्रकाशकाने पुस्तकालाच त्या गोष्टीचं नाव द्यायचं ठरवलं. छपाईच्या आधी रेडिओवाल्यांनी ती मागून घेतली आणि एका दुपारी वाचली. वाचणाऱ्याचा आवाज असा, की जैतुनाच्या झाडाखालच्या रडण्याशी आल्यावर बेनईसा न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाइकांनी गालावरच्या फेसासकट डोळे पुसले.

आणि सगळं अंगाशी आलं. कारण समोरच्या लयाशीचा बाप स्पेनच्या लढाईत गेला होता तो परतला नव्हता. लयाशी त्यानंतर बऱ्याच काळाने जन्मला होता. त्याची आई लल्ला रहीमो नदीपलीकडच्या दाईकडे गेली होती. हे सगळं सी मुफद्दलना माहीत असायला हवं होतं. पण त्या वेळी ते शाळकरी पोर होते, पुस्तकात डोकं खुपसून बसलेले, शेजारच्या बायकांच्या पोटांकडे कशाला बघतील? स्वत:ला लपवायला शिवलेला अंगरखा शेजाऱ्याच्या अंगात चपखल बसला होता.

तरीही प्रकरण निवलं असतं. रेडिओवरचं बोलणं चार दिवसांत विरतं. लयाशीच्या चुलतभावाने, अब्दनबीने, कान टवकारले होते हे खरं. घाण्यात लयाशीच्या बापाचा मोठा वाटा होता, आणि लयाशी त्या बापाचाच नाही असं ठरलं तर तो वाटा अब्दनबीकडे येत होता. पण बोलायला त्याच्याकडे काही नव्हतं. ते लयाशीने मेंढा कापून त्याच्या हातात दिलं. आमच्याकडची माणसं घाबरली की अशीच करतात. लाज लपवायला धावत सुटतात आणि सगळ्या गावाला मागे धावायला लावतात. ज्यांना गोष्टीतलं काही कळलं नव्हतं त्यांनाही आता कळलं. सामाईक भट्टीवर पाव भाजायला आलेल्या बायका एकमेकींना म्हणू लागल्या, उगाच कुणी मेंढा कापतं का? आजारी लल्ला रहीमोला बघायला जाणाऱ्या शेजारणी यायच्या बंद झाल्या. अब्दनबी तर काजीकडे अर्ज करायची भाषा करू लागला.

सी मुफद्दलनी आधी आपल्या धंद्यातली हत्यारं काढून पाहिली. मशिदीच्या फकींकडे, म्हणजे आमच्या इमामांकडे जाऊन त्यांनी सुचवलं, की गोष्ट काल्पनिक आहे, कुणाशी साम्य आढळल्यास तो योगायोग समजावा, असं एक निवेदन आपण नमाजानंतर वाचू. फकी हसले. म्हणाले, असं निवेदन वाचलंत तर ज्यांनी रेडिओ ऐकला नाही तेही येऊन विचारतील.

मग ते घाण्यावर लयाशीकडे गेले. जैतुनाचा चोथा उपसत होता तो. त्याला त्यांनी शपथेवर सांगितलं, की ही गोष्ट तुझ्या आईची नाही, तुझी आई माझ्या मनातही नव्हती. लयाशीने फावडं टेकवलं.

"मग कुणाची, ते सांगा. मी स्वत: बाजारात ओरडून येतो."

सी मुफद्दल चोथ्याच्या ढिगाकडे बघू लागले.

"नाव नाही सांगता येत? मग मी काय सांगू लोकांना, सी मुफद्दल शप्पत म्हणाले म्हणून?" त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागत होतं. "आई रोज विचारते, बायका का येत नाहीत म्हणून. मी सांगतो, सर्दीची साथ आहे. आणखी किती दिवस साथ लांबवू?"

त्या दिवसानंतर सी मुफद्दलना घर खायला उठलं. उंबरा घासून धुतला होता, तरी जाता येता त्यांचा पाय तिथे अडखळायचा. खरं सांगितलं तर आई उघडी पडते, आणि आपलं नाव, हे घर, बापाच्या थडग्याशेजारी राखलेली जागा, सगळंच उसनं ठरतं. नाही सांगितलं तर समोरच्या घरातली म्हातारी जिवंतपणी उघडी पडते, आणि तीही आपल्या हातून. वकिलाला वाट सापडत नव्हती, मुत्सद्द्याला शब्द सापडत नव्हता. उरला लेखक, आणि या पेचात घालणारा तर तोच होता.

गुरुवारी त्यांनी फतूमाला स्वयंपाकघरात गाठलं. उद्या मी सगळ्यांसमोर खरं सांगणार आहे, म्हणाले. ती गाजरं सोलत होती. तिने मान वर केली नाही. फक्त एवढंच विचारलं, की किती माणसं येतील, म्हणजे रवा त्या अंदाजाने भिजवायला बरा.

शुक्रवारी नमाज सुटली आणि माणसं आली. फकी, बेनईसा न्हावी, बाजारातले चार जुने विणकर, अब्दनबी, आणि नव्या पायघोळ जलाब्यात अवघडून बसलेला लयाशी. अंगणात गालिचे घातले होते. वर सज्ज्यात पडद्याआड बायका. कुसकुसची मोठी परात मध्यभागी आली, सात भाज्या, वर मांस, शेजारी ताकाचे पेले. पण सी मुफद्दल उभेच राहिले. आयुष्यभर त्यांनी कागदावर बघून भाषणं केली होती. आज हातात कागद नव्हता.

"आर उतरवायला उभा आहे," ते म्हणाले. "ती गोष्ट पुस्तकात येणार नाही. प्रकाशकाला कळवलंय. आणि ती लल्ला रहीमोंची नाही. ती माझ्या आईची आहे. झोपलेलं मूल मी आहे."

कुणी परातीत हात घातला नाही. सी मुफद्दल पुढे बोलत राहिले. वडील कैरोला कधी गेले, केव्हा परतले, मी केव्हा जन्मलो, दाई कोण होती, सगळं ओळीने मांडलं, कोर्टात मांडावं तसं. शिपाई मी खोटा घातला, लढाई खोटी घातली, म्हणाले. शेवटी आवाज फाटला, तसे थांबले.

पहिल्यांदा हुंदका ऐकू आला तो फकींचा. ते उठले, सी मुफद्दलना मिठी मारली, दोन्ही खांद्यांवर ओठ टेकले. "अल्लाह तुमच्या आईबापांवर दया करो," ते म्हणाले. "शेजाऱ्याची अब्रू वाचवायला माणसाने स्वत:च्या आईचं नाव पुढे करावं, असं मी ग्रंथात वाचलं होतं. आज डोळ्यांनी पाहिलं."

सी मुफद्दलना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी सांगून पाहिलं, की मी कुणाला वाचवत नाही, हे खरं आहे. जितकं सांगावं तितकी माणसं माना डोलवत होती. बेनईसा न्हावी शेजारच्याच्या कानात म्हणाला, "वकील आहेत, पुरावा तयार ठेवूनच उभे राहणार." एक म्हातारा विणकर म्हणाला, लल्ला तामोला आम्ही ओळखत होतो, तिच्यासारखी बाई साऱ्या क्सरमध्ये नव्हती, आणि त्या माउलीला या मुलाने शेजाऱ्यासाठी पणाला लावलं. लयाशी तर लहान मुलासारखा रडत होता. फकींनी अब्दनबीकडे वळून त्याला चार शब्द सुनावले, की इतक्या मोठ्या माणसाने मान झुकवली, आता तरी तोंड आवर. अब्दनबीने परातीतल्या भोपळ्याकडे बघत मान हलवली. अर्जाचं बोलणं तिथेच संपलं.

सी मुफद्दलनी शेवटचा उपाय केला. सज्ज्याकडे तोंड करून हाक मारली, "फतूमा, तू सांग. तुला माहीत आहे. सांग यांना."

पडदा हलला. फतूमाचा आवाज आला, रोजचाच, चढलेला नाही की पडलेला नाही.

"माझा भाऊ लहानपणापासून गोष्टी रचतो. जेवा तुम्ही, कुसकुस गार होतंय."

अंगणात हलकं हसू पिकलं, मायेचंच होतं ते. मग हात परातीकडे गेले. त्या दिवशीचं कुसकुस फार छान झालं होतं असं सगळे अजून सांगतात. सी मुफद्दलना त्याची चव कळली नाही.

माणसं गेल्यावर ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. फतूमा परात घासत होती. तू असं का केलंस, एवढंच त्यांनी विचारलं.

"आईने तुला सांगितलं ते तुला कळावं म्हणून," ती म्हणाली. "गावाला सांगायचं असतं तर तिला काय जीभ नव्हती?"

"मग मी कोण, फतूमा?"

तिने परात भिंतीला टेकवली. "तू सकाळपासून उपाशी आहेस. बस. बिसारा गरम करते."

आणि ते बसले. तिने वाटाण्याच्या घट्ट सारावर जैतुनाचं तेल सोडलं, जिरं भुरभुरलं आणि पुढे ठेवलं. तेल लयाशीच्या घाण्याचंच होतं.

सी मुफद्दलना वाटलं होतं, की खरं बोललं की माणूस सुटतो, निदान बुडतो तरी. आपण ना सुटलो ना बुडलो. जगभर खोटं गोड करून सांगितलं, ते लोकांनी खरं मानून घेतलं. एकदाच खरं सांगितलं, ते लोकांनी सौजन्य म्हणून खिशात घातलं. वकील, मुत्सद्दी, वर गोष्टी लिहिणारा, अशा माणसाच्या शब्दावर भरवसा ठेवणार तरी कोण? आता बाजारातून जाताना लोक उठून उभे राहू लागले. दुकानदार छातीवर हात ठेवून वाकायचे. त्या प्रत्येक नमस्काराने त्यांना आपल्या दाराला बाहेरून कुणी कडी घालतंय असं वाटायचं.

एका सकाळी लयाशी आला. आईने बोलावलंय म्हणाला. तिच्याकडे बायका पुन्हा येऊ लागल्या होत्या, त्याचा चेहरा उजळला होता. घराच्या दारात तो बाजूला झाला. आई म्हणते तुमच्याशी एकट्याशी बोलायचंय, म्हणाला.

लल्ला रहीमो खिडकीपाशी गादीवर पडून होत्या. अंगाचं चिपाड झालं होतं, डोळे मात्र शाबूत. सी मुफद्दलनी त्यांच्या कपाळावर ओठ टेकले आणि शेजारी बसले. आपण काय ऐकणार हे त्यांना ठाऊक होतं: आभार, दुवा, आईबापांवर दया. अशा बोलण्यावर काय उत्तर द्यायचं तेही जिभेवर तयार होतं.

"वलदी," म्हातारी म्हणाली. आमच्याकडे पोटच्या पोराला असं म्हणतात. "लयाशीने सांगितलं, तू काय बोललास ते. त्याला वाटतं तू थोर आहेस. मला माहीत आहे तू खरं बोललास."

सी मुफद्दल गादीच्या आणखी जवळ सरकले.

"माझ्यावर वेळ आली तेव्हा मी विहिरीत उडी मारायला निघाले होते," ती म्हणाली. "तुझ्या आईने मला दारात अडवलं. म्हणाली, वेडी कुठली, माझा मुफद्दल नाही का झोपला? त्याला तर आता मिसरूड फुटतेय. तिनेच मला नदीपलीकडे नेलं. दाईपुढे काय बोलायचं, कुठे रडायचं, कुठे गप्प बसायचं, सगळं पढवलं."

साऱ्या जगात एक माणूस निघालं होतं, सी मुफद्दलचं खरं मानणारं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते काही म्हणणार तेवढ्यात म्हातारीचा वाळका हात पुढे आला आणि तिने त्यांच्या जलाब्याची बाही मुठीत घट्ट धरली. मेंढा परवडत नाही त्यांची आर अशीच असते, वस्त्र धरून. तीही तितकीच बांधते.

"मी तुझ्यावर आर घालते," ती म्हणाली. "पुन्हा कुणापुढे बोलायचं नाही. लिहायचंही नाही. मी मेल्यावरही नाही. तुझी म्हणून सांगितलीस तरी ती माझीही आहे रे. एकीची ओढलीस की दुसरीची निघणार."

सी मुफद्दलनी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

म्हातारीने मूठ सोडली नाही. मग विचारलं, "त्या गोष्टीतली बाई, दाईकडून परत येताना झाडाखाली बसून रडते म्हणे?"

"हो, लल्ला."

"एकटीच?"

"एकटीच."

लल्ला रहीमोंच्या सुरकुत्यांत काहीतरी हललं. आधी सी मुफद्दलना वाटलं, रडते आहे.

"आम्ही दोघी होतो," ती म्हणाली. "आणि रडलो कुठे? तुझी आई दाईची नक्कल करत होती, पोटावर कान लावून, घोरतंय गं, घोरतंय, म्हणत. मी हसून हसून वाटेतच बसले. ती जैतुनाच्या झाडाला धरून हसत होती. गावाची वेस येईपर्यंत आमचं हसू थांबेना. तुझी आई म्हणाली, आता पुरे, आता तोंड पाड, माणसं बघतील."

बाहेर घाणा फिरत होता. लयाशी कुणाला तरी मोठ्याने काहीतरी सांगत होता, सुटलेल्या माणसाच्या आवाजात. सी मुफद्दल ऐकत बसले. आईचं हसणं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. आता ते ऐकू येत होतं, नदीकाठच्या वाटेवरून येणारं, आणि खरी गोष्ट ही होती हे त्यांना कळत होतं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. त्यांची बाही अजून लल्ला रहीमोंच्या मुठीतच होती.